सणाचं पान, परक्या गावात

या वेळच्या प्रश्नांत एक गंमत आहे. कोकणातून बाहेर गेलेल्यांचे प्रश्न गणपती जवळ आले की येतातच, पण यंदा एक प्रश्न उलट्या बाजूने आलाय, बाहेरून कोकणात येऊन राहिलेल्या पाहुणीचा. तोच आधी घेते.

प्रश्न: काकू नमस्कार. माझी एक अमेरिकन मैत्रीण आमच्याकडे दापोली तालुक्यात येऊन राहिलीये, मराठी पण बऱ्यापैकी बोलते आता. तिला यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण आम्हा मित्रमंडळींना घालायचंय, ते पण आमच्या घरी, कारण तिच्या भाड्याच्या खोलीत दोन शेगड्यांच्या पलीकडे काही नाही. बारा-पंधरा माणसं होतील. टर्की कुठे मिळेल हे ती मला रोज विचारते. आमच्याकडे ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आहे पण लाइटचा भरवसा नाही. त्यात आई म्हणते तो दिवस गुरुवार आहे, माझ्या घरात कोंबडी शिजणार नाही. काय करू? — एक वाचक, दापोली

उत्तर: आधी आईचं बघू, कारण आईला डावलून त्या घरात काही शिजणार नाहीये, कोंबडी तर नाहीच नाही. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं, अमेरिकेत 1941 साली तसा कायदाच झालाय, म्हणजे तारीख मागेपुढे होते पण वार काही हलत नाही, आणि आपल्याकडे गुरुवार म्हटलं की अर्धी वाडी दत्ताची नाहीतर स्वामींची. 2025 ला तर 27 नोव्हेंबरला त्यांचं थँक्सगिव्हिंग आणि आपला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी आले होते. यंदा 26 नोव्हेंबर आहे, अधिक महिना येऊन गेल्यामुळे मार्गशीर्ष अजून लागलेला नसेल, पण वार तोच ना. तेव्हा सरळ रविवारी ठेवा, 29 ला. मैत्रिणीला वाईट वाटायचं कारण नाही, परदेशात राहणारे अमेरिकन लोक बऱ्याचदा तसंच करतात कारण त्या गुरुवारी बाकी जगाला सुट्टी नसते, आणि मित्रमंडळींनी मिळून केलेल्या जेवणाला ते लोक स्वतःच फ्रेंड्सगिव्हिंग म्हणतात. आईला एवढंच सांगा की हा त्यांच्याकडे पीक घरात आल्याचा सण आहे. नोव्हेंबरात आपली पण भातं झोडून झालेली असतात, तिला कळेल लगेच.

आता टर्की. विसरा. कुठून तरी मुंबईहून बर्फात घालून मागवाल, ती दापोलीला पोचेपर्यंत निम्मी वितळलेली असेल, आणि चार-पाच किलोचा पक्षी तुमच्या ओटीजीत मावणार कसा? त्यापेक्षा मैत्रिणीला समोर बसवून एकच प्रश्न विचारा, की बाई कुठला एक पदार्थ पानात नसला तर तुला हे तुझ्या घरचं जेवण वाटणारच नाही? बहुतेक वेळा उत्तर टर्की नसतं. कुणाला भोपळ्याचा पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत भोपळ्याचं गोड सारण घालून भाजतात तो, हवा असतो, कुणाला आजीच्या पद्धतीचं स्टफिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर वाढतात ते परतलेल्या पावाचं सारण. जे सांगेल तेवढं एक जसंच्या तसं करायला तिला मदत करा, त्यासाठी पैसे मोडा, कुरियर करा, काय वाट्टेल ते. बाकी सगळं पान दापोलीच्या बाजारातून भरा. मी परदेशातल्या आपल्या पोरांना पण हेच सांगत असते, एक पदार्थ घट्ट धरा आणि बाकीच्यांच्या मागे जीव काढू नका, वीसच्या वीस पदार्थ गावासारखे करायला गेलं की वीसही अर्धवट होतात आणि करणारी रडकुंडीला येते.

कोंबडीचं म्हणाल तर अख्खी भाजायला गावठी घेऊ नका. गावठी रश्श्याची, ती भट्टीत भाजली की चामडं होतं. दीड-पावणेदोन किलोची ब्रॉयलर आणा, आदल्या रात्री आतून बाहेरून मीठ चोळून फ्रिजमधे उघडी ठेवा, सकाळी लोणी, लसूण, मिरी लावून 180 डिग्रीला साधारण सव्वा ते दीड तास. मांडीच्या जाड भागात सुरी खुपसली की येणारं पाणी स्वच्छ असलं पाहिजे, लालसर नको. ही एक अख्खी टेबलावर मिरवायला. पंधरा माणसांना एक पुरणार नाही, बाकीचे तुकडे टोपात झाकण ठेवून त्याच मसाल्यात शिजवा आणि जो रस सुटेल त्याला चमचाभर मैदा लावून ग्रेव्ही करा. भाजायचं काम सकाळी लाइट असताना उरकून टाका, संध्याकाळी नुसतं गरम करायचं. पाहुण्यांत मुसलमान मित्र असतील तर कोंबडी हलाल दुकानातूनच आणा, म्हणजे सगळ्यांचं एकाच टोपात होईल.

आणि अंगण असेल तर मी म्हणेन पोपटीच लावा. अलिबाग, पेण, रोह्याकडे थंडीत करतात ती. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे त्या रानटी वासाच्या झुडपाचा, पाला, त्यावर वालाच्या शेंगा ओवा आणि जाडं मीठ चोळून, मधे बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून, परत शेंगा, आणि तोंडाला पाला गच्च कोंबून मडकं उलटं. भोवतीने सुकी पानं आणि काटक्या पेटवायच्या. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चुर्र होऊन लगेच उडालं की झाली. आता वालाच्या शेंगांचा खरा भर डिसेंबर-जानेवारीत, त्यामुळे नोव्हेंबरअखेर मिळतीलच असं नाही, नाही मिळाल्या तर रताळी घाला. रताळी त्यांच्याही पानात असतातच, आणि कार्तिकी एकादशीला आईने आणलेली घरात उरलेली असतील.

त्यांचा तो आंबटगोड क्रॅनबेरी सॉस कोंबडीबरोबर लागतो. ताजी क्रॅनबेरी आपल्याकडे नाही, सुकी मिळते. ती मूठभर घेऊन अमृत कोकमात मंद आचेवर आटवा, वरून संत्र्याची साल किसून घाला, रंग पण हुबेहूब येतो. कुणाकडे उन्हाळ्यातला करवंदांचा जॅम शिल्लक असेल तर तो त्याहून चांगला. स्टफिंगला आदल्या दिवशीचा लादीपाव, चौकोनी तुकडे करून लोण्यात कांदा आणि कोथिंबिरीच्या देठांबरोबर परतायचा, वर आपले काजू, मग रस्सा शिंपडून ओटीजीत कुरकुरीत होऊ दे. आणि पाय, लाल भोपळा वाफवून, गाळणीत घालून पाणी पूर्ण निथळू द्यायचं, हे महत्त्वाचं, आपला भोपळा फार पाणी सोडतो. मग दोन वाट्या गराला कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, दोन अंडी, दालचिनी, सुंठ, जायफळ, चिमटीभर लवंग. जायफळ तर तुमच्या मागच्या आगरातलं असेल. मैद्याच्या पारीत ओतून 180 ला पाऊण-एक तास, मधोमध किंचित थरथरत असतानाच बाहेर काढायचं. अंडं न खाणाऱ्यांसाठी आईला घारगे करायला सांगा त्याच भोपळ्याचे, म्हणजे तिचाही हात लागेल जेवणाला. कॅलेंडरात संकष्टीबिंकष्टी तेवढी बघून घ्या आधी.

प्रश्न: काकू, मी मूळची देवगडची, आता डुसेलडॉर्फला असते. गणपती बसवते छोटासा. यंदा दहा-बारा जणांना जेवायला बोलवायचंय, निम्मे जर्मन ऑफिसातले, त्यात एक व्हीगन, दूध-तूपही न खाणारा. उकडीचे मोदक मला करायचेच आहेत पण दर वेळी पारी फाटते, पीठ इथल्या एशियन दुकानातलं. नारळ फ्रोजन चालेल का? आणि सगळे विचारतात काय आणू, मी नको नको म्हणते आणि मग सगळं एकटीच करत बसते. — एक वाचक, डुसेलडॉर्फ

उत्तर: अगं, चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे. तुझं ऑफिस, त्यांचं ऑफिस. तर सोमवारी सकाळी पाच मोदकांचा नैवेद्य दाखव आणि कामाला जा, गणपती सात दिवसांचा ठेव, शनिवारी 19 ला मोठं जेवण आणि रविवारी घरीच बादलीत विसर्जन. शाडूची मूर्ती असेल तर विरघळेल, ती माती कुंडीत. ऱ्हाईन नदीत जाऊ नको घेऊन.

मोदकाचं पीठ. आधी पाकीट बघ, कारण त्या दुकानांत शेजारी शेजारी दोन पिठं असतात, एक साधं तांदळाचं आणि एक चिकट तांदळाचं, ग्लुटिनस लिहिलेलं. नुसत्या चिकट पिठाचे मोदक उकडताना बसतात, नुसत्या साध्याची पारी कधीकधी फाटते. साधं एक वाटी, त्यात चिकट एक-दोन चमचे, असं कर. पाणी पिठाइतकंच, त्यात मीठ आणि चमचाभर खोबरेल तेल, खळखळून उकळी आली की पीठ एकदम घालायचं, लाटण्याच्या मागच्या बाजूने ढवळायचं आणि झाकण. आता तुझा घोळ कुठे होत असेल सांगू? तिकडच्या काचेच्या शेगड्या बंद केल्या तरी कितीतरी वेळ तापलेल्या राहतात, आपण गॅस बंद केला की बंद. तू बटण बंद करून भांडं तिथेच ठेवत असशील तर उकड खालून सुकत जाते. भांडं उचलून बाजूला ठेव. पाच मिनिटांनी उकड परातीत काढायची आणि चटका बसत असतानाच मळायची, हाताला गार पाणी आणि तेल लावत लावत, आणि इथेच सगळे कंटाळतात. गोळी करून तळहातावर दाबून बघ, कडेला भेगा पडल्या तर अजून मळ, कड गुळगुळीत राहिली की झाली. बाकीच्या उकडीवर ओला फडका. पारीची कड पातळ आणि मध्य जरा जाड ठेव, सगळे उलटं करतात आणि मग बूड फुटतं.

मोदकपात्र नसलं तर चिनी बांबूची करंडी उत्तम, खाली हळदीचं पान नाहीतर कोबीचं. हळदीचं पान एखाद्या इंडोनेशियन किंवा मलेशियन दुकानात विचार, ते लोक स्वयंपाकात वापरतात, दाउन कुनयित म्हणायचं. प्रत्येक मोदक बुडाला पाण्यात बुडवून ठेव, दहा-बारा मिनिटं वाफ. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर घालून निवगऱ्या कर, मी तर म्हणते जर्मन लोकांना मोदकापेक्षा त्याच जास्त आवडतील.

नारळ फ्रोजन खवलेला चालतो, पूर्ण वितळू दे आणि पाणी पिळू नको, त्यातच गूळ घाल. तो सुका भुसा, डेसिकेटेड, तो नको सारणाला. केळीची पानं पण फ्रोजन मिळतात, तुटतात म्हणून लोक रडतात, पण वितळली की गरम शेगडीवरून हलकेच फिरवली तर मऊ आणि चकचकीत होतात. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ वर मधे, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-उसळ उजवीकडे, हे तुला माहितेय, पण पाहुण्यांना सांग, त्यांना असल्या गोष्टी ऐकायला आवडतात आणि तेवढा वेळ तुला वाढायला मिळतो.

व्हीगन पाहुण्याची काळजी करू नको. आपलं गणपतीचं जेवण मुळातच नारळावर उभं आहे. काळ्या वाटाण्याचं सांबार, अळूचं फदफदं, वरणभात, मोदक, सोलकढी, यात दुभत्याचं काय आहे? तूप, तेवढं वेगळ्या वाटीत ठेव. उलट बाकीच्यांना आधी विचारून घे, शेंगदाणे, काजू, तीळ, मोहरी या चारही गोष्टी युरोपात पाकिटांवर ठळक लिहाव्याच लागणाऱ्या 14 ॲलर्जीच्या यादीत आहेत आणि आपण मोहरीची फोडणी घालताना विचार पण करत नाही. अळू तिकडे मिळालाच तर चिंच घालून भरपूर शिजव, कच्चा राहिला तर घसा खाजेल आणि पाहुणा परत यायचा नाही. नाही मिळाला तर पालक घाल आणि पुढे चल. नैवेद्याला लसूण चालत नसेल तर सोलकढी हिंग-जिऱ्याची.

आणि काय आणू विचारणाऱ्यांना नको म्हणायचं बंद कर. आपल्याकडे गणपतीला नारळ कोण एकटी खवते? शेजारीण येते, जाऊ येते, आत्या येते. दोघींना सांग दोन तास आधी या, मोदक वळायला, वाकडेतिकडे झाले तर होऊ देत, ते त्यांच्या पानात वाढ. बाकीच्यांना फुलं आणि फळं सांग, आणि वाइन नको हे आधीच स्पष्ट सांग, नाहीतर सवयीने घेऊन येतील आणि मग दोघांचीही पंचाईत. आरती साडेसातला उरक. रात्री दहानंतर तिकडे आवाज चालत नाही, आणि धूप लावायच्या आधी छतावरचा स्मोक अलार्म कुठे आहे ते बघून ठेव.

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याची. माझा झील दुबईत नवीनच लागलाय, चार मित्र एका फ्लॅटात राहतात, गणपतीला तिकडेच जेवण करणार म्हणतात. शेजारचा मुलगा जातोय त्याच्याकडे सामान द्यायचंय. भाजलेलं सारण करून देऊ का, खसखस घालून, आमच्याकडे घालतात तसं? आणि काय काय देऊ? — एक आई, वेंगुर्ले

उत्तर: वहिनी, खसखस अजिबात नको. दाणासुद्धा नको. दुबईत, म्हणजे सगळ्या एमिरेट्समधे, खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून ती अमली पदार्थांत धरतात, सौदीला आणि सिंगापूरला पण तेच. सारणात, अनारशावर, मसाल्यात, कशातच नको. तुम्ही घरचा मसाला कुटताना खसखस घातली असेल तर तो मसाला पण ठेवा घरातच, आणि दुसऱ्याच्या पोराच्या बॅगेत काय काय घातलंय ते त्याला एकेक करून सांगा, कारण पकडलं तर त्याला पकडणार, तुमच्या झिलाला नाही. खोबऱ्याच्या वाट्या पण विमानाच्या सामानात घेत नाहीत, सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं.

द्यायचं तर काळे वाटाणे द्या, चांगली आमसुलं द्या, तिरफळं, मोदकाचं पीठ, आणि आगळाची, कोकमाच्या खारट रसाची, बाटली दोन पिशव्यांत बांधून. तांदूळ, नारळ, गूळ, केळीची पानं, झेंडू, सगळं दुबईत मिळतं, त्याच्यासाठी किलो वाया घालवू नका. तिकडे 2022 पासून शनिवार-रविवारची सुट्टी झालीये, म्हणजे ते पण शनिवारीच जेवणार. चार पोरगे आहेत, उकडीचे मोदक करायला जातील आणि रात्री बाहेरून बिर्याणी मागवतील, त्यांना सांबार आणि आंबोळ्या करायला शिकवा व्हिडिओ कॉलवर. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालायला फोन करून आठवण करा, ते हमखास विसरतात.

हे वाचून बाकीच्या आया आपापल्या बॅगा भरतील म्हणून सांगते: युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पेढे नाहीत, हळदीची पानं कागदपत्रांशिवाय नाहीत, ताजा नारळ मात्र चालतो, तो विमान कंपनी घेईल का ते आधी विचारा. अमेरिकेला सामानातून तांदूळ नेऊ नका. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काय असेल ते फॉर्मवर लिहायचं, लिहिलं आणि काढून घेतलं तर वाटलं थोडं वाईट, लपवलं आणि सापडलं तर दंड.

प्रश्न: आम्ही टोरांटोला. आमच्या रत्नागिरीच्या घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण-वडे, चिंबोऱ्या. इथले महाराष्ट्र मंडळातले मित्र गौरीच्या जेवणाला येणार, त्यातले पुण्याकडचे ऐकून दचकलेच, म्हणाले गौरीला पुरणपोळी असते. मी काय शाकाहारीच ठेवू? — एक वाचक, टोरांटो

उत्तर: का म्हणून? रत्नागिरी-रायगडात कितीतरी घरांत गौर माहेरवाशीण म्हणून येते आणि तिला आवडीचं खाऊ घालतात, त्यात लपवायचं काय आहे. पण बोलावताना आधीच सांग, जेवायला बसल्यावर नको. दोन वेगळी टेबलं, दोन वेगळे डाव आणि गोडाधोडाकडे शाकाहारी टेबल, म्हणजे त्यांना खेकड्याच्या वाटीवरून हात न्यावा लागणार नाही. गणपती घरात असताना त्याच्यासमोर तिखट दाखवत नाहीत बऱ्याच घरी, मधे पडदा धरतात, तुमच्या घरची रीत आईला विचार. चिंबोऱ्या चिनी सुपरमार्केटात जिवंत मिळतील, टाकीतल्या बघून हातात जड लागणाऱ्या घे. वड्यांचं पीठ तांदूळ जास्त, त्यात उडीद, थोडी चणाडाळ, धणे आणि मेथी, हे दळून न्यायला कुणी नसेल तर तयार पिठांत उडदाचं पीठ मिसळून कोमट पाण्याने रात्रीच भिजव. तिकडे सप्टेंबरात घर गार असतं, पीठ लवकर येत नाही, ओव्हनमधला दिवा लावून आत ठेव रात्रभर, ओव्हन मात्र चालू करू नको, आणि दारावर चिठ्ठी लाव म्हणजे सकाळी दुसरं कुणी उठून तो तापवणार नाही.